अर्धा टन की पाऊण टन

"पाऊण!" बाबा म्हणाले.

"अर्धा!" झहूरचाचा म्हणाले.

दोघांच्या मधे बसलेल्या योगिनीने आपला चहाचा कप उचलून धरला, कारण आता टेबलावर मूठ आपटणार हे तिला अनुभवाने कळायला लागलं होतं. मूठ आपटली. बिस्किटांची बशी उडाली. कप वाचला.

वाद गाडीचा होता. आखातातल्या महबूला वस्तीतल्या एका इमारतीत समोरासमोरच्या दारांत दोन कुटुंबं राहायची. एका दारात सांगलीचे लक्ष्मीकांत आगाशे, त्यांची बायको रेखा आणि मुलगी योगिनी. दुसऱ्या दारात रत्नागिरीकडचे झहूर मुकादम आणि बिल्कीसचाची. युद्ध संपलं, सगळे परत आले, पण कामं काही परत आली नाहीत. शहरातल्या मिरकाब भागात ज्या विमा कंपनीत बाबा हिशेब बघायचे, ती पुन्हा उघडलीच नाही. चाचांनी आपलं सुक्या मासळीचं दुकान उघडलं, तर आत फक्त वास उरला होता. मग आई आणि बिल्कीसचाचींनीच पदर खोचला आणि जेवण रांधून पोचवायचं ठरवलं.

शहरातल्या एका इस्पितळाची खानावळ अजून बंद होती. तिथल्या हेड नर्स रबिया सिस्टर मूळच्या श्रीवर्धनच्या. त्यांनी शब्द टाकला. गुरुवारी दुपारी एकच्या ठोक्याला सगळ्या स्टाफला जेवायला घाला, जमलं तर रोजचं काम तुमचं. आणि नाही जमलं, तर काय होणार हे दोन्ही घरांत सगळ्यांना तोंडपाठ होतं. चाचांची मुलं रत्नागिरीला आजोळी होती, ती तिथेच राहणार. बाबा इथे नोकरी शोधत बसणार, आणि आई नि योगिनी पुढच्या विमानाने सांगलीला.

आणि योगिनी तर आत्ता कुठे परत आली होती! शाळा नुकतीच सुरू झाली होती. निम्मी बाकं रिकामी असल्यामुळे तिला आयुष्यात पहिल्यांदाच वर्गाची मॉनिटर केलं होतं, आणि महिन्याभरात तिला शोध लागला होता की आपण बोललो की लोक चक्क ऐकतात. हा शोध सांगलीला न्यायची तिची अजिबात तयारी नव्हती. तिथे तिच्यापेक्षा मोठ्या आवाजाच्या तीन आत्या होत्या.

जेवण न्यायला ट्रेलर मिळाला होता. इथली मंडळी थंडीत वाळवंटात तंबू ठोकून राहायला जाताना नेतात तसला, दोन चाकांचा, पाण्याची टाकी आणि गॅसच्या शेगड्या बसवलेला. चाचांच्या ओळखीतून फुकट आला होता. सगळे टोप भरून चढवले की वजन टनभर. तो ओढणार कोण, एवढाच प्रश्न होता.

चाचांची स्वतःची पिकप होती. पिकपला इथे वनेत म्हणतात. ही वनेत अर्ध्या टनाची, कधीकाळी निळी. दुसरी होती मागच्या गल्लीतल्या अबू नासिरची, पाऊण टनाची, पांढरी, रेड्यासारखी दांडगी. ती त्याला विकायची होती. "गुरुवारी चालवून बघा, संध्याकाळी सांगा," म्हणून त्याने चावीसुद्धा देऊन टाकली होती.

"झहूरभाई, साधं गणित आहे," बाबा म्हणाले. "ट्रेलर एक टनाचा. अर्ध्या टनाची गाडी एक टन ओढणार कशी?"

"मंग पाऊण टनाची तरी कशी ओढणार? उरलेला पाव टन तुमी ढकलणार?"

योगिनीला हसू फुटलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती कपात बघायला लागली.

"आवो, अर्धा टन, पाऊण टन हे पाठीवर घ्यायचं ओझं," चाचा म्हणाले. "ओढायची गोष्ट येगळी. बैल पाठीवर किती घेतो, आन् गाडीला जुंपला की किती ओढतो?"

"ओढेल हो बैल! पण थांबेल कसा? मागून टनभर वजन ढकलायला लागलं की दणकट ब्रेक पाहिजेत, जाड स्प्रिंगा पाहिजेत. पाऊण टनाला ते सगळं आहे. तुमच्या त्या भंगारात काय आहे?"

बाबांच्या चेहऱ्यावरून वाटलं की तो शब्द त्यांना परत गिळायचा होता, पण तो निघून गेला होता.

"भंगार?" चाचा हळू आवाजात म्हणाले. चाचांचा हळू आवाज वाईट. "लक्ष्मीकांतराव, गेल्या साली ऑगस्टात लढाई पेटली तवा ह्याच भंगारात पोरं, बिल्कीस आन् चार शेजारी घालून मी सरहद्द पार केली. वाळूत रुतली नाय, चढावर दमली नाय. तवा तुमी कुठं होता? रजेवर. सांगलीत आंबे खात."

"ऑगस्टात आंबे नसतात," बाबा म्हणाले.

वाक्य अगदी बरोबर होतं, म्हणूनच ते बोलायला नको होतं. चाचा उठले, चपला घातल्या, समोरच्या दारात गेले. दार लागलं. ते लागलं ते लागलंच.

अबोला सुरू झाला. आता अबोला धरायचा तर माणसाने एकत्र धंदा करू नये, पण यांना दोन्ही करायचं होतं. मग निरोप नेणार कोण? मॉनिटर! योगिनी या दारातून त्या दारात जायला लागली आणि दोन दिवसांत तिच्या लक्षात आलं की निरोप जसाच्या तसा नेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. बाबा म्हणायचे, "त्या बैलवाल्यांना सांग, कांद्याची पोती आणायची आहेत, डोक्यात घुसतंय का बघ." ती सांगायची, "चाचा, कांदे आणायचेत ना?" चाचा म्हणायचे, "त्या आंबेवाल्यांना सांग, आणलेत, मोजत बसा." ती सांगायची, "बाबा, आणले." काटे काढून मासा वाढावा तसे निरोप ती दोन्हीकडे वाढत होती, आणि आपण नसतो तर हा धंदा कधीच बुडाला असता अशी तिची खात्री पटत चालली होती.

बिल्कीसचाचींचं म्हणणं सगळ्यांत सोपं होतं. "गो बाय, त्या दोघांना सांग, भांडत बसा. मी नेते ट्रेलर. माझ्याकडं लायसन हाय." ते खरंच होतं. चाची त्या निळ्या वनेतवरच परीक्षा पास झाल्या होत्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. पण त्यानंतर चाचांनी त्यांना गाडीला हात म्हणून लावू दिला नव्हता. "तिचा पाय क्लचवर जड हाय," असं त्यांचं म्हणणं. बूट खाटेखाली आणि चावी चाचांच्या खिळ्यावर.

शेवटी बुधवारी रात्री चाचांकडून निरोप आला. "त्यांना सांग, न्या तुमची पाऊण. चालवतो मी, त्यांना ती झेपायची नाय. रस्त्यात काय झालं तर माझ्याकडं बघायचं नाय." योगिनीने बाबांना सांगितलं, "चाचा म्हणतात, पाऊण चालेल." बाबांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की तिला स्वतःचा अभिमान वाटला.

इथे गुरुवारी शाळेला सुट्टी असते. आई नि चाची पहाटेपासून चुलीपाशी होत्या. चिकन पुलाव, डाळ, कोशिंबीर, शेवयांची खीर. टोप ट्रेलरमध्ये चढले. फोल्डिंगची टेबलं गाडीच्या हौद्यात उभी रचून वर ताडपत्री बांधली, त्यामुळे मागची काच झाकली गेली. बाहेरच्या दोन आरशांपैकी एक युद्धात कुणी काढून नेला होता, आणि ट्रेलर गाडीपेक्षा अरुंद असल्यामुळे दुसऱ्यात तो दिसणारच नव्हता.

आता ट्रेलर जोडायचा. त्याच्या पुढच्या टोकाला लोखंडी कडी आणि खाली टेकू. गाडीच्या मागे दोन जाड पट्ट्या. कडी पट्ट्यांच्या मधे घ्यायची, वरून वीतभर लांबीची, अंगठ्याएवढी जाड पिन आरपार घालायची, मग टेकू उचलायचा. झालं.

"त्यांना सांग, डावीकडे," मागे उभे राहून बाबा म्हणाले.

"चाचा, डावीकडे!"

"कुणाच्या डावीकडं?" चाचांनी खिडकीतून विचारलं.

"बाबा, कुणाच्या?"

"माझ्या!"

"चाचा, बाबांच्या!"

"त्यांचं तोंड कुठं हाय?"

बऱ्याच घामानंतर कडी पट्ट्यांच्या मधे बसली. बाबांनी पिन हातात घेतली, तेवढ्यात चाचा उतरून मागच्या चाकाला लाथ घालून हवा बघायला लागले. ते बघताहेत म्हटल्यावर बाबांनाही दुसऱ्या चाकाची हवा बघणं भागच होतं. पिन बंपरवर ठेवून ते वाकले. आणि त्याच क्षणी आई पूजेचं ताट घेऊन खाली आली.

"नवी गाडी आहे. पूजा केल्याशिवाय हलायचं नाही."

"अगं, अजून घेतली कुठे आहे?"

"म्हणून तर! घ्यायच्या आधीच प्रसन्न असलेली बरी. चला, पुढे उभे राहा दोघं. हात जोडा."

आईच्या पुढे अबोलासुद्धा चालत नसे. दोघे गाडीच्या तोंडापुढे जाऊन उभे राहिले, मधे हातभर अंतर ठेवून. आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. चाचांनी ओठातल्या ओठात प्रवासाची दुआ म्हटली. चाचींनी कालवणासाठी ठेवलेला आपला नारळ आणून दिला, आणि तिथे सगळं अडलं. फोडायचा कशावर? दक्षिणेकडच्या तेलाच्या विहिरी अजून जळत होत्या, फुटपाथच्या कडेवर काजळीचा चिकट थर. आणि कोयता ट्रेलरच्या तळाशी, तीन टोपांच्या खाली.

"प्रसाद काळा करू की काय?" म्हणत आई गाडीच्या मागे गेली आणि एक लोखंडी दांडा घेऊन आली. नारळ तळहातावर धरून तिने ठक, ठक, ठक करत गोल फिरवला. नारळ मधोमध उकलला, पाणी वाटीत, दोन सारखी भकलं. चाची म्हणाल्या, "वा गो रेखाताई, हाताला काय गुण हाय!" योगिनीनेही टाळी वाजवली. आईने तो दांडा ताटात ठेवला, ताटावर फडकं घातलं आणि सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवून चाचींबरोबर भांडी घासायला वर निघून गेली.

"तुम्ही दोघी आता आराम करा," बाबा म्हणाले.

"व्हय, आराम करा," चाचाही म्हणाले. चार दिवसांत दोघांचं हे पहिलं एकमत.

गाडीत बसता बसता बाबांनी योगिनीला खालच्या आवाजात म्हटलं, "त्यांना विचार, पिन नीट घातली का, की तीही बैलाच्या भरवशावर सोडली?"

योगिनीने काटे काढले. "चाचा, बाबा विचारतात, मागे सगळं ठीक आहे ना?"

"मागं तेच तर उभे होते! मला काय विचारतात? त्यांना सांग, स्वतः केलेलं स्वतःला ठावं नसंल तर कठीण हाय."

"बाबा, ठीक आहे म्हणतात."

बाबा समाधानाने टेकून बसले. चाचांनी गाडी सुरू केली. दोघांच्या मधे बसलेली योगिनी तर सगळ्यांत समाधानी होती.

गाडी निघाली ती लोण्यातून सुरी जावी तशी! हमरस्त्याला लागेपर्यंत चाचा दबकत चालवत होते, पण इंजिन नुसतं गुणगुणत होतं. गतिरोधक आला. सगळ्यांनी श्वास धरला. गाडीने तो टुणकन ओलांडला.

"योगिनी," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात साखर होती, "त्यांना सांग, मागे ट्रेलर आहे असं जाणवतसुद्धा नाही."

हा निरोप न्यायची गरज नव्हती, चाचांचे कान बाबांपासून दीड हातावर होते. त्यांनी वेग वाढवला, कमी केला, ब्रेक दाबून पाहिला. गाडी जागच्या जागी थांबली. मागून धक्का नाही, ढकलणं नाही, काही नाही. चाचांचा चेहरा उतरत गेला.

"गो बाय," ते म्हणाले, "त्यांना सांग, मानलं. असली ताकद मी बघितली नाय." मग समोर बघत म्हणाले, "आपलीला उद्या विकून टाकीन. म्हातारी झाली ती."

हे वाक्य योगिनीला पुढे सांगावंसं वाटलं नाही. बाबांनीही विचारलं नाही. ते खिडकीबाहेर बघायला लागले. वारा फिरला होता, विहिरींचा धूर रस्त्यावर उतरत होता, आणि भर दुपारी समोरच्या गाड्या दिवे लावून येत होत्या.

इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी रबिया सिस्टर उभ्या होत्या. पांढरा गणवेश, छातीवर उलटं लावलेलं घड्याळ. त्यांच्या मागे पोटाला हात लावून ताटकळलेल्या नर्सेस आणि वॉर्डबॉय.

"लवकर आलात. चांगलं," सिस्टर म्हणाल्या. "जेवण कुठंय?"

बाबा ऐटीत उतरले. "या सिस्टर, या मागे. सगळं गरम आहे, झाकण काढलं की वाफ..."

पुढची वाफ बाबांच्याच तोंडातून निघाली. गाडीच्या मागे दोन पट्ट्या होत्या. पट्ट्यांच्या मधून इस्पितळाची भिंत दिसत होती.

सिस्टरनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. "हा काय प्रकार आहे?"

"पिन!" बाबा ओरडले, आणि चार दिवसांनी पहिल्यांदा थेट चाचांकडे वळले. "पिन घातली नाही तुम्ही?"

"मी? पिन तुमच्या हातात होती!"

"मी विचारलं होतं! योगिनीला विचारायला सांगितलं होतं!"

"पिनचं कुणी इचारलं? सगळं ठीक का, एवढंच इचारलं तिनं. आन् मी सांगितलं, मागं तुमीच उभे होता!"

"मला तर तिने सांगितलं, ठीक आहे म्हणतात!"

दोघेही सावकाश योगिनीकडे वळले. आपण बोललो की लोक ऐकतात, या शोधाचा दुसरा अर्धा भाग तिला आत्ता लागत होता.

"मी... मी टोमणे काढून सांगत होते," ती म्हणाली. "त्यात पिन पण निघाली."

"ट्रेलर रस्त्यात सुटला असेल," बाबा पुटपुटले. "टनभर वजन. कुणाच्या अंगावर गेला असला तर?"

"एक वाजता माझी शिफ्ट बदलते," रबिया सिस्टर म्हणाल्या. "मग मी यांना खबूसच्या रोट्या आणि चीज वाटून घरी पाठवीन, आणि तुमचं नाव पुन्हा माझ्यासमोर कुणी काढायचं नाही."

तिघे गाडीत कोंबले गेले. परतीच्या रस्त्यावर धूर इतका दाट झाला होता की दुपार आहे यावर विश्वास बसेना. चाचा हळूहळू चालवत होते. बाबा अर्धे खिडकीबाहेर लटकून दुभाजकापलीकडची कड न्याहाळत होते. कुठे उलटलेली पातेली, कुठे पुलावाचा ढीग, कुठे, देव न करो, माणसं. काही नाही. काळ्या वाळूवर एक जळका रणगाडा तेवढा उभा होता.

तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यावरून दोन पिवळे दिवे जोरात येताना दिसले. हॉर्न वाजवत, धूर कापत एक गाडी सूं करून शहराकडे गेली. मागे काहीतरी मोठं खडखडत होतं.

"बघा, बघा!" बाबा चिडून म्हणाले. "मागे एवढं धूड बांधून हा वेग! असल्या लोकांमुळेच अपघात होतात."

"येडं हाय कुणीतरी," चाचा म्हणाले. मग मान कलती करून म्हणाले, "आवाज वळखीचा वाटतो पण."

महबूलाला पोचले, आणि इमारतीसमोर चाचांनी करकचून ब्रेक दाबला. ट्रेलर नव्हता. जिथे तो होता तिथे चाकांच्या दोन खुणा आणि टेकूचा एक खड्डा. म्हणजे तो रस्त्यात सुटलाच नव्हता, इथून हललाच नव्हता! आणि आता इथेही नव्हता. एवढंच नाही, भिंतीशी लावलेली चाचांची निळी वनेतही नव्हती.

"चोरी," चाचा म्हणाले, आणि त्या काजळीच्या फुटपाथवर तसेच खाली बसले. "सरहद्दीपल्याड सात महिने कुणाच्या हाती लागू दिली नाय. माशांच्या जाळ्याखाली लपवली. आन् आता..."

बाबा क्षणभर उभे राहिले. मग आपल्या इस्त्रीच्या पँटसकट त्यांच्या शेजारी बसले.

"झहूरभाई, ती गाडी भंगार नव्हती. मी मूर्खासारखं बोललो."

"मी पण बोललो. आंब्याचं."

"ते बरोबर होतं. बाटलीतला आमरस खात होतो."

एरवी योगिनीला या समेटाने आनंदाने उड्या माराव्याशा वाटल्या असत्या. पण ती जिन्यातून धावत वर गेली होती. दोन्ही दारांना कुलपं. चाचींच्या उंबऱ्याशी त्यांच्या घरातल्या सपाता व्यवस्थित जोडून ठेवलेल्या. आईचं पूजेचं ताट दारातच, फडकं बाजूला सारलेलं. ताटात खोबऱ्याचा कीस, शेंड्या आणि कुंकवात उठलेला एक वीतभर लांब, अंगठ्याएवढा जाड ठसा. दांडा नव्हता.

योगिनीने कपाळावर हात मारला आणि जिन्यावरून तीन तीन पायऱ्या उतरत खाली आली.

"चाचा! चाची सपाता काढून, बूट घालून कुठे जातात?"

"बूट? ती कुठं बूट घालती? ती बूट फक्त..." चाचा ताडकन उठले. "या खुदा! तिचा पाय क्लचवर जड हाय!"

"आणि रेखा तिच्या शेजारी!" बाबाही उठले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"झहूरभाई, मघाचे ते येडे..."

"व्हय. आपलेच."

पाऊण टनाच्या गाडीने त्या दिवशी तिसऱ्यांदा तोच रस्ता कापला, आणि आता मात्र तिच्या ताकदीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बाबा मनात कसलंतरी स्तोत्र म्हणत होते. चाचा मोठ्याने दुआ म्हणत होते. योगिनी रस्त्याच्या कडेला निळं काही दिसतंय का ते बघत होती, आणि दिसू नये म्हणून डोळे मिटून घेत होती.

फाटकाच्या आत, भिंतीला समांतर, आखल्यासारखी सरळ निळी वनेत उभी होती. मागे ट्रेलर. पट्ट्यांत कडी, कडीत पिन, आणि पिनेला कुंकू. पुलावाची वाफ धुरावर मात करत होती. टेबलं बाबांच्या गाडीत अडकल्यामुळे नर्सेस हातात ताटल्या घेऊन उभ्याउभ्याच जेवत होत्या. आई डाळ वाढत होती आणि चाची पांढऱ्या बुटांत खिरीच्या टोपापाशी ठाण मांडून उभ्या होत्या.

"आलात?" आई म्हणाली. "भांडी घासून खाली बघतो तर ट्रेलर जिथल्या तिथे! म्हटलं, हे गेले तरी काय घेऊन? मग ताटावरचं फडकं काढलं, तर पिन माझ्याच ताटात! पण बिल्कीसभाभींनी एका दमात रिव्हर्स घेतली हो. कुणाच्या डावीकडे म्हणून विचारलंसुद्धा नाही."

"रस्त्यात एक पांढरी गाडी दिसली बघा," चाची म्हणाल्या, "एक माणूस खिडकीतनं अर्धा लोंबत होता. मी हॉर्न मारला. म्हटलं, येडा पडंल की काय."

बाबांनी आणि चाचांनी एकदमच ताटल्या उचलल्या आणि वाढायला सुरुवात केली.

रबिया सिस्टरनी खिरीची वाटी पुसून खाल्ली, छातीवरचं घड्याळ वर करून पाहिलं आणि बाबांना बोटाने जवळ बोलावलं. योगिनी टोपाआडून बघायला लागली. सांगली, तीन आत्या, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"शनिवारपासून रोज," सिस्टर म्हणाल्या. "पण आज जी आली तीच गाडी आणायची. आणि आज जी होती तीच ड्रायव्हर."

संध्याकाळी अबू नासिर मागच्या गल्लीतून रमतगमत आला. आपल्या पांढऱ्या गाडीवरून त्याने प्रेमाने हात फिरवला, स्वस्तिकाकडे जरा चमकून पाहिलं आणि अरबीत विचारलं, कशी ओढते?

चाचांना अरबी उत्तम येत होतं, पण ते निळ्या वनेतच्या चाकातली हवा बघायला वाकले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. बाबा सवयीने योगिनीकडे वळले.

"त्यांना सांग, उत्तम गाडी आहे. शहरापर्यंत गेलो, पण मागे ट्रेलर आहे असं एकदाही जाणवलं नाही."

योगिनीने शाळेतलं सगळं अरबी गोळा केलं आणि एकही शब्द न गाळता निरोप दिला. अबू नासिरची छाती वीतभर फुगली. तो म्हणाला, मी म्हटलं नव्हतं? मग, घेताय ना?

बाबांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी चाचींकडे पाहिलं. चाची पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होत्या, आणि निळ्या वनेतची चावी त्यांच्या ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधलेली होती.

"त्याला सांग गो बाय," त्या मान वर न करता म्हणाल्या, "माझा पाय जड हाय. मला अर्धीच पुरे."